तिन्हीसांजेला डोळे मिटणारा कॅमेरा

घरातली यंत्रं : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात राउटर घरात कुठे ठेवावा ते पाहिलं. आज त्याच राउटरच्या भरवशावर दारात बसलेल्या कॅमेऱ्याकडे वळू.

आई साताऱ्याला एकटी राहते. मी पुण्यात, धाकटा भाऊ टोरांटोत. पायरीवरून एकदा पडली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ओट्यावर वायफायचा कॅमेरा बसवून घेतला. दिवसभर चित्र स्वच्छ दिसायचं. तुळशीला पाणी घालताना आई दिसली की भावाला तिकडे झोप लागायची. पण दिवेलागण झाली की कॅमेरा गायब. मोबाइलवर एकच शब्द, ऑफलाइन. मग भावाचा फोन यायचा, "ताई, आईचा कॅमेरा पुन्हा गेला गं."

कॅमेरा बसवणारा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सकाळी अकराला, म्हणजे कॅमेरा ठणठणीत असताना. "वायफाय वीक आहे" म्हणाला, रीसेट करून, पैसे घेऊन गेला. संध्याकाळी पहिले पाढे पंचावन्न.

दिवाळीत गेले तेव्हा तिन्हीसांजेला मीच कॅमेऱ्याखाली जाऊन उभी राहिले. अंधार दाटला तसा आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. काचेभोवतीचे दिवे अंधुक लाल झाले. दहा-बारा सेकंदांत ते विझले, पुन्हा 'टक्' झालं, आणि कॅमेरा नव्याने सुरू होताना जो हिरवा दिवा लुकलुकतो तो लुकलुकायला लागला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आई दारातून म्हणाली, "अगं, हे रोजच चालतं त्याचं. मला वाटलं असंच असतं."

वायफायचा यात काहीच दोष नव्हता. दिवसा कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर एक बारीक काच असते, ती अवरक्त किरण अडवते. अंधार पडला की ती बाजूला सरकते, त्याचाच तो 'टक्'. मग अवरक्त दिवे लागतात आणि कॅमेऱ्याला दिवसापेक्षा बराच जास्त वीजप्रवाह लागतो. आमचा अॅडॉप्टर होता हॉलमध्ये आणि तिथून ओट्यापर्यंत पाच मीटर लांबीची, मोबाइल चार्जरसारखी बारीक वायर ओढलेली. वायर जितकी लांब आणि बारीक, तितका व्होल्टेज वाटेत जास्त गळतो, आणि प्रवाह वाढला की ही गळती आणखी वाढते. अॅडॉप्टरपाशी निघालेले ५ व्होल्ट कॅमेऱ्यापर्यंत ५ राहत नव्हते. दिवे लागले की कॅमेरा दम तोडायचा, पुन्हा उठायचा, राउटरला हाक मारायचा आणि जोडणी होईतो पुन्हा विझायचा. टोरांटोत भावाला दिसणार काय, तर ऑफलाइन. वायरमनला बोलावून ओट्याच्या भिंतीवरच प्लग पॉइंट काढून घेतला, ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अॅडॉप्टर लावला, आखूड वायर जोडली. त्या दिवसापासून रात्रीचा ओटा दिसतोय.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे : कॅमेरा गेला की रीसेटच्या भोकात पिन खुपसू नका. आधी तो कधी जातो ते कॅलेंडरवर लिहा. बंद पडण्याची वेळच बहुतेकदा दुखणं सांगते.

अंधारात जातो, तर वीज तपासा. लाइट जाऊन आल्यावर जातो, तर क्रम तपासा. कॅमेरा लवकर जागा होतो, पण फायबरची डबी आणि राउटर यांना दोन-तीन मिनिटं लागू शकतात. काही कॅमेरे तेवढा वेळ हाका मारत राहतात, काही थकून गप्प बसतात. अशा वेळी राउटर पूर्ण सुरू झाल्यावर कॅमेऱ्याचा प्लग एकदा काढून घाला. ज्या गावात लाइट रोज जाते तिथे राउटर आणि फायबरची डबी या दोघांना छोटा यूपीएस लावा, मात्र दोन्हींच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचून. आणि कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असू द्या. नेट नसलं तरी वीज असेतो त्यावर रेकॉर्डिंग होत राहतं.

नवा राउटर आल्यापासून कॅमेरा जोडलाच जात नाही, ही तक्रार मात्र खरोखर वायफायची. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ऐकतात. ही लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्याहून आखूड, वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकणारी. नवे राउटर दोन्ही एकाच नावाने देतात. मोबाइल ५ वर बसतो, कॅमेऱ्याला ते ऐकूच येत नाही आणि जोडणी पुन्हा पुन्हा फसते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या, किंवा ५ तेवढ्यापुरतं बंद करून कॅमेरा जोडा आणि मग चालू करा. सुरक्षेच्या रकान्यात फक्त डब्ल्यूपीए३ निवडलेलं असेल तरी जुने कॅमेरे दारातच अडतात. तिथे डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा.

राउटर बदलतानाच एक करून ठेवा. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच. सुरक्षेचा प्रकारही जुनाच राहिला, तर घरातले कॅमेरे बहुधा आपले आपण जोडले जातात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर स्टुलावर चढउतार करण्यात गेलेला एक अख्खा रविवार वाचला असता.

चित्र अडखळत असेल, तर वेळेबरोबर जागाही पाहा. हॉलमध्ये खुर्चीत बसून मोबाइलवर सगळे दांडे दिसतात, पण कॅमेरा खुर्चीत बसलेला नसतो. मोबाइल नेमका कॅमेऱ्यापाशी धरा, २.४ च्या नावाला जोडा आणि तिथे व्हिडिओ चालवून बघा. आरसीसीची भिंत, लोखंडी सेफ्टी डोअर, गोदरेजचं कपाट, पाण्याची टाकी यांच्यापुढे लहर दमते. राउटर दोन हात सरकवून पुष्कळदा भागतं. ऐन स्वयंपाकाच्या वेळी चित्र थांबत असेल, तर शेजारच्या मायक्रोवेव्हकडे पाहा, तोही २.४ च्याच पट्ट्यात काम करतो. मोठ्या सोसायटीत हा पट्टा गर्दीने भरलेला असतो. एकमेकांना न भिडता त्यात तीनच वाटा बसतात : १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचा ज्यावर कमी गलका आहे तो चॅनल निवडा.

येत्या सुट्टीत आईवडिलांच्या घरी गेलात, तर दिवेलागणीला पाच मिनिटं कॅमेऱ्याखाली उभे राहा. आणि तो रोज काय करतो ते त्यांनाही विचारा. माझ्या आईला ते माझ्या आधीपासून माहीत होतं.