औंढ्याची वेधशाळा आणि विद्यार्थ्याचा लॅपटॉप

नागनाथाच्या पुरातन देवालयामुळे हिंगोली जिल्ह्यातील ज्या औंढ्याचे नाव घरोघरी ठाऊक झाले, त्याच औंढ्याच्या परिसरात चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची असून, केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला 2016 च्या फेब्रुवारीत तत्त्वतः आणि 2023 च्या एप्रिलात सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली आहे. तिच्या नोंदींसाठी प्रचंड संगणकसमूह लागतील हे उघड आहे. परंतु तेवढ्यावरून हिंगोलीच्या विद्यार्थ्याने आपला लहानसा लॅपटॉप या शास्त्राच्या कामी निरुपयोगी समजावा, हे मला मुळीच मान्य नाही.

अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन लायगो वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीच्या नोंदी सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. सेकंदाला 4,096 नोंदी आणि प्रत्येकीस आठ बाइट या हिशेबाने 32 सेकंदांचा तुकडा अवघा एक मेगाबाइट भरतो, तर 4,096 सेकंदांचा 128 मेगाबाइट. मात्र त्या नोंदींच्या प्रती, फूरिए रूपांतरातून निघणाऱ्या संमिश्र संख्या आणि अपेक्षित तरंगाकृतीशी नोंदी ताडून पाहण्याचा खटाटोप (ज्या पद्धतीच्या विकासात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे) हे सारे एकाच वेळी रॅममध्ये मुक्कामास येते. लहानशा लॅपटॉपच्या चार गिगाबाइट रॅममधील बरीचशी जागा कार्यप्रणाली आणि ब्राउझर यांनीच अडवली, म्हणजे उरलेला भार डिस्ककडे वर्ग होतो. आणि रॅमला जेथे सेकंदाचा सुमारे कोटीवा भाग पुरतो, तेथे फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुमारे शंभरावा भाग लागत असल्याने यंत्र गोठल्यासारखे होते.

म्हणून पहिली तजवीज रॅमची. काही सडपातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डवरच डाक देऊन बसवलेली असते, याची खातरजमा खरेदीपूर्वीच करावी. डीडीआर-3 ची पट्टी 204 पिनांची आणि डीडीआर-4 ची 260 पिनांची, खाचाही निराळ्या. तेव्हा पट्टी सहज बसत नसेल तर बळ लावू नये.

दुसरे काम लिनक्ससाठी डिस्कच्या विभागणीचे, आणि ते अधिक जोखमीचे. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत बांधाइतकेच महत्त्व जसे दफ्तरातील नोंदीला, तसेच येथेही आहे: कोणता हिस्सा कोठून कोठवर, हे पार्टिशन टेबलात लिहिलेले असते, आणि ते बिघडले की माहिती जागच्या जागी असूनही बेवारस होते. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य हिस्से चारच करता येत. जीपीटीत या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपलेली असते. तरीही सर्व फायलींची प्रत बाहेर काढून आणि बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवूनच विंडोजचा हिस्सा तिच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आकसावा, आणि मोकळ्या झालेल्या जागी लिनक्स बसवावे. 50 गिगाबाइट या कामास पुरेसे होतात.

मग पायथॉनमध्ये दोन्ही वेधशाळांच्या नोंदी उघडून, गोंगाट गाळून आणि हॅनफर्डची नोंद उलटी करून ती लिव्हिंग्स्टनच्या नोंदीवर ठेवावी. सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची ती लहर हॅनफर्डला सुमारे सात मिलिसेकंद उशिरा पोहोचलेली दिसते. मुख्यतः अशा वेळेच्या फरकांवरून लहरीच्या उगमाची दिशा ठरते, आणि औंढ्याची वेधशाळा सामील झाल्यावर ती अधिक नेमकी ठरेल. तोवर हे सात मिलिसेकंद स्वतःच्या यंत्रावर स्वतः मोजणे, हा विद्यार्थ्याने करावयाचा पहिला स्वाध्याय होय.