स्वस्त संवेदक व तळ्यांतील मिथेनचे मापन

तळी व दलदली यांच्या तळाशी साचणाऱ्या सेंद्रिय गाळात प्राणवायू पोहोचत नाही. अशा स्थितीत सूक्ष्मजंतू त्या गाळापासून मिथेन निर्माण करतात. त्यातील काही वायू पाण्यात विरघळून पृष्ठभागावाटे संथपणे निसटतो, तर काही बुडबुड्यांच्या रूपाने एकाएकी वर येतो. हे बुडबुडे कोठे व केव्हा येतील याचा नेम नसतो. म्हणून लक्षावधी रुपयांचा एकच विश्लेषक एका जागी बसवून साऱ्या तळ्याचा हिशेब मांडणे धोक्याचे होय. येथे अनेक जागी, अनेक दिवस चालणारी साधी उपकरणेच अधिक उपयोगी पडतात.

असे एक उपकरण मुळात निराळ्याच कामासाठी जन्मले. जपानमधील नाओयोशी तागुची यांनी १९६० नंतरच्या दशकात इंधनवायूची गळती ओळखण्यासाठी कथिल-ऑक्साइडचा संवेदक सिद्ध केला. तापविलेल्या कथिल-ऑक्साइडच्या कणांवर हवेतील प्राणवायू चिकटतो व कणांतील इलेक्ट्रॉन बांधून ठेवतो. त्यामुळे विद्युत्‌रोध वाढतो. मिथेन आला की त्याची या प्राणवायूशी क्रिया होते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. परंतु बाष्पानेही रोध उतरतो, आणि पाण्यावर उपड्या ठेवलेल्या पेटीत बाष्पाला काय तोटा! तपमान व आर्द्रता सोबत मोजून दुरुस्ती केली नाही, तर मिथेनच्या नावाखाली दमटपणाच मोजला जाईल.

मोकळ्या हवेत मिथेनचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे १.९ भाग एवढेच असते. त्यातील बारीक चढउतार टिपण्याचा प्रयत्न ऑयगस्टर व क्लिंग यांनी अलास्कातील टूलिक सरोवरावर केला (२०१२). तरंगत्या पेटीत मात्र वायू साठत जातो व काम पुष्कळ सोपे होते. स्वीडनमधील लिन्शॉपिंग विद्यापीठाचे बास्टव्हिकेन व त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये या पद्धतीचे अंशशोधन आणि स्वतः जुळविता येण्याजोग्या नोंदयंत्राची रचना प्रसिद्ध केली. पेटीतील प्रमाणवाढीच्या वेगास पेटीच्या घनफळाने गुणून पाण्यावरील क्षेत्रफळाने भागले की उत्सर्जनाचा दर मिळतो. आलेखात संथ चढ दिसला तर ते विसरण, एकदम पायरी दिसली तर तो बुडबुडा. एरवी सुटून जाणारी ही पायरी हाती लागणे, हाच आमच्या मते या पद्धतीचा खरा लाभ.

एका संवेदकाचे अंशशोधन दुसऱ्यास लागू पडत नाही. प्रत्येकाचे स्वतंत्रपणे करावे लागते. शिवाय कालांतराने संवेदकाचे गुणधर्म ढळतात. यास्तव अधूनमधून पेटीतील वायूचा नमुना पिचकारीने काढून वायु-वर्णलेखन यंत्रावर ताडून पाहावा.