अंतेवासिनींचे दुपटे

कर्जतहून कोंडिवड्याच्या वाटेने उल्हास नदीच्या खोऱ्यात वर वर जात राहिले, की राजमाचीच्या पायथ्याच्या दाट झाडीत, मौजे कोंडाणे या गावाच्या वरच्या अंगाला, ख्रिस्तपूर्व काळात खोदलेली बौद्ध लेणी दृष्टीस पडतात. पुण्याजवळच्या कोंढाणा किल्ल्याशी या नावाची गल्लत पुष्कळ जण करतात. परंतु हे कोंडाणे निराळे आणि त्याची थोरवीही निराळी. एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री यांनी या लेण्यांकडे प्रथम लक्ष वेधले आणि त्यांच्या पाठोपाठ ठाण्याचे कलेक्टर लॉ साहेब ती पाहून गेले, असा दाखला लेण्यांवरील जुन्या ग्रंथांत मिळतो. चैत्यगृह सुमारे ६६ फूट लांब आहे. त्याच्या दर्शनी भागावर कमानींच्या रांगा, वेदिकापट्ट्या आणि जाळीची नक्षी अशी काही कोरलेली आहे, की लाकूड सांधणाऱ्या सुताराचा हातच पाथरवटाच्या छिन्नीत उतरला असावा असे वाटते. डाव्या बाजूस एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. तिचा अर्थ असा, की कन्हाचा अंतेवासी बलक याने हे केले.

पश्चिम भारतातील लेण्यांमध्ये शिलालेख पुष्कळ आहेत, पण त्यांतील बहुतेक दानाचे आहेत; कोणत्या व्यापाऱ्याने खांब दिला, कोणत्या भिक्षुणीने टाके खोदविले, यांची ती जमाखर्चाची नोंद होय. कोंडाण्याच्या या ओळीत दात्याचे नाव नाही. करणाऱ्याचे आहे आणि त्याला शिकविणाऱ्याचे आहे. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा. गुरूच्या हाताकडे पाहता येईल इतक्या अंतरावर जो बसतो तो. हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा मला एकदम आठवली ती माझी आत्या आणि तिच्या मांडीवरचे लोकरीचे चौकोन.

आत्या कर्जतला राहत असे. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लागतात आणि तेवढा वेळ पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या तेथे खोळंबतात, हे त्या मार्गाने गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, तेव्हापासून थांबणे हा या गावाच्या स्वभावाचाच भाग झाला आहे. पुण्यास निघालेली आत्या त्या खोळंब्यात पिशवीतून सुई काढी आणि इंजिन लागून गाडी हलेपर्यंत तिच्या चौकोनाची एक फेरी पुरी होई. कुणाच्या घरी पाळणा हलणार अशी वार्ता आली, की तिची लोकरीची पिशवी बाहेर निघे. बाळंतविड्यात झबले, टोपडे, कुंची, मोजे इतर कोणीही देवोत, चौकोनांचे दुपटे तिचेच असावे, असा आमच्या घराण्यातला अलिखित करार होता. मी तिच्या उजव्या हाताशी बसून ते शिकले. तिने तोंडाने फारसे काही सांगितल्याचे मला स्मरत नाही. चुकले, की ती केवळ ‘उसव’ म्हणे.

क्रोशाच्या सुईने विणलेल्या या चौकोनाला इंग्रजीत ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे आजीचा चौकोन, म्हणतात. त्याचा तपशील सांगण्याजोगा आहे, कारण एवढ्या साध्या कृतीत इतके नेमके गणित क्वचितच सापडते. आरंभी चारसहा साखळ्यांचे एक कडे करावयाचे. त्या कड्यात तीन तीन खांबांचे चार झुबके घालावयाचे आणि दर दोन झुबक्यांमध्ये साखळ्या सोडून कोपरा मोकळा ठेवावयाचा. आमच्याकडे या टाक्याला खांब म्हणतात आणि त्याहून ठेंगण्या टाक्याला मुका खांब. ही नावे कोणी पाडली कोण जाणे, पण ती मला फार आवडतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्याच्या पोकळीत दोन झुबके पडतात. तिसऱ्या फेरीपासून कोपरे तसेच राहून प्रत्येक बाजूवर एकेक झुबका वाढत जातो. म्हणजे पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६ आणि चौथीत ४८. चार फेऱ्यांच्या एका चौकोनात १२० खांब. असा चौकोन मध्यम जाडीच्या लोकरीने सुमारे पाच इंचांचा भरतो. सातसातच्या सात ओळी लावल्या, की ४९ चौकोनांचे ३५ इंची दुपटे होते आणि त्यात ५,८८० खांब असतात. चौकोन एकमेकांना जोडताना ८४ सांधे घ्यावे लागतात. प्रत्येक फेरीचा रंग वेगळा ठेवला, तर आरंभ आणि शेवट मिळून दर चौकोनाची आठ टोके सुटतात, आणि ती ३९२ टोके बोथट सुईने टाक्यांच्या आत नेऊन दडवावी लागतात. विणणाऱ्या स्त्रिया ज्या कामाला खरोखर कंटाळतात ते हेच होय. पण बाळाच्या पांघरुणात ते टाळता येत नाही, कारण धुण्यात टोक सुटले तर खांब उसवतो आणि मोकळा धागा तान्ह्याच्या बोटाला वेढा घालू शकतो.

दोन सुयांच्या विणकामात साऱ्या ओळीचे टाके सुईवर जिवंत असतात आणि सुई निसटली तर ओळच्या ओळ हातची जाते. क्रोशाच्या कामात मात्र एका वेळी एकच फास जिवंत असतो. दूध उतू जाऊ लागले, दारात कोणी हाक मारली, मूल उठले, तर तो एक फास थोडा लांब ओढून काम ठेवून द्यावे आणि तासाभराने, किंवा आठवड्याने, तेथूनच पुढे चालावे. ज्यांचा दिवस दुसऱ्यांच्या हाकांनी तुटलेला असतो, त्यांच्यासाठीच जणू ही विद्या निर्माण झाली असावी.

मूळची ती आपली नव्हे. क्रोशे हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आकडा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात या कामाचे नमुने छापले जाऊ लागले, आणि १८४५ पासून आयर्लंडवर बटाट्याच्या रोगाने दुष्काळ कोसळला तेव्हा तेथील जोगिणींच्या मठांनी क्रोशाची जाळी शिकवून अनेक कुटुंबांना चार पैसे मिळवून दिले. आपल्या चौकोनाचा सर्वांत जुना ज्ञात छापील नमुना १८८५ साली अमेरिकेतील ‘प्रेअरी फार्मर’ या शेतकऱ्यांच्या पत्रात आला. नांगर, बियाणे आणि गुरांच्या बाजारभावांच्या शेजारी तो छापला जावा, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते, कारण उरलेसुरले वाया न घालविण्याची शेतघराची बुद्धीच त्यात आहे. महाराष्ट्रात सुईकाम शाळेच्या वाटेने आले. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या आणि त्यांच्या मुलींच्या शाळांत अक्षरांसोबत शिवणही शिकविले जाई. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात चालू केलेल्या सेवासदनाने शिवणकामाच्या वर्गांना स्त्रीच्या उपजीविकेशी जोडले. शाळेत शिकलेली एक मुलगी सासरी जाई आणि तिच्याजवळ दहा जणी बसत, अशाच रीतीने ही विद्या आमच्या आत्यापर्यंत पोचली असली पाहिजे.

ती इतक्या सहजतेने रुजली याचे कारण माझ्या मते असे, की तुकड्यांतून पांघरूण करण्याची रीत आपल्या घरांत आधीच मुरलेली होती. जुन्या लुगड्यांची गोधडी, देशावरची वाकळ, आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचे बाळासाठी केलेले दुपटे, या वस्तू कोणत्या मराठी माणसाने अंगावर घेतल्या नाहीत? घोंगडीही आपलीच, पण दख्खनी मेंढीची ती काळीभोर भरड लोकर, चिंचोक्याची खळ दिलेली, मेंढपाळाच्या पाठीवर पाऊस झेलण्यासाठी आहे, नवजाताच्या गालासाठी नव्हे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरच्या बाजूस राहणारे सिद्दी लोक कवंदी नावाची गोधडी शिवतात. तिचे टाके बाहेरच्या कडेपासून चालू होऊन वळसे घेत मध्याकडे येतात, आणि कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी फुले लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत. आपला चौकोन याच्या नेमका उलट चालतो. तो मध्यातल्या कड्यातून निघून बाहेर वाढतो. गोधडी घरातल्या गेलेल्या माणसांचे कपडे नव्या जिवाच्या अंगाला लावते. लोकरीच्या दुपट्यात ते भाग्य नाही, आणि ही उणीव मी मान्य करते. आत्या त्यावर उपाय म्हणून आधीच्या बाळाच्या दुपट्यातून उरलेली लोकर पुढच्याच्या निदान एका चौकोनात घालीच.

कोंडाण्याच्या बाजूस मार्गशीर्ष-पौषात रात्री डोंगरावरून गारवा उतरतो आणि त्यावेळी अशा पांघरुणाचा खरा उपयोग होतो. पण पावसाळा तेथे इतका दीर्घ आणि धुवाधार, की खरी लोकर धुतली तर दिवसेंदिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास धरतो. बाजारात लोकर या नावाने जो माल मिळतो तो पुष्कळदा अॅक्रिलिकचा असतो. तो लवकर वाळतो, पण ठिणगीशी त्याचे वैर आहे, म्हणून चुलीच्या किंवा शेगडीच्या घरात मी सुती धागाच सांगते. चौकोनाच्या जाळीत चिमुकली बोटे अडकतात, तेव्हा बारीक सुई घेऊन वीण घट्ट ठेवावी. आणि पहिल्या वर्षात निजलेल्या बाळाजवळ मोकळे पांघरूण ठेवू नये, असे हल्लीचे बालवैद्य बजावतात, ते ऐकावे. मांडीवर घेताना, अंगणात कोवळ्या उन्हात नेताना, पुढे रांगू लागल्यावर खाली अंथरताना दुपटे कामास येतेच.

या श्रमाची किंमत मात्र आजवर कोणी नीट मांडलेली नाही. क्रोशाचा खरा टाका यंत्राला अजून साधलेला नाही. दुकानात टांगलेली अशी प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी हाताने झालेली असते. आंध्रातील नरसापूरला हजारो स्त्रिया निर्यातीसाठी क्रोशाची जाळी विणतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यांच्यावर १९८२ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले, की या स्त्रिया घरी बसून फावल्या वेळात विणतात असे एकदा ठरवून टाकले, म्हणजे त्यांना कामगार म्हणण्याची आणि तशी मजुरी देण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. मला एका चौकोनास अर्धा तास लागतो. ४९ चौकोनांचे साडेचोवीस तास झाले, जोडणी आणि टोके दडविणे निराळे. एवढे करून विकावयास ठेवलेल्या दुपट्यापुढे उभे राहून लोक लोकरीचा भाव विचारतात, तेव्हा मला अतोनात वाईट वाटते.

३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या समूहाच्या स्त्रियांनी देशातून आणि परदेशांतून जमविलेली विणलेली पांघरुणे सांधून ११,१४८.५ चौरस मीटरांचे एक अजस्र पांघरूण सिद्ध केले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आपल्या जमीनमोजणीच्या भाषेत ते सुमारे ११० गुंठे भरते. कोंडाण्याच्या खोऱ्यात एवढ्या जमिनीला सातबाऱ्याचा उतारा असता, कब्जेदारांची नावे असती, हद्दीवरून तंटे झाले असते. विणणाऱ्या प्रत्येकीचे नाव कोठे तरी लिहिलेले असावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आत्याने केलेल्या दुपट्यांपैकी एक माझ्याजवळ आहे. त्याच्या किनारीला मुक्या खांबांची एक फेरी आहे आणि एका कोपऱ्यात रंग चुकला आहे; तो चौकोन माझा, वयाच्या नवव्या वर्षी केलेला. तिने तो उसवावयास लावला नव्हता. गेल्या दिवाळीत माझी भाची जवळ येऊन बसली आणि तिने कडे केले. साखळ्या इतक्या आवळल्या होत्या, की त्यात सुईचे टोकही शिरेना. मी तिला ‘उसव’ म्हटले. तिने उसवले, आणि माझ्या हाताकडे पाहत पुन्हा साखळ्या घालू लागली.