मोटारसायकलचे मागचे चाक घरी काढताना



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, खताचे हप्ते असेच लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा, पण ज्यांचे दूध मोटारसायकलवरून डेअरीला जाते त्या सर्वांच्या कामाचा आहे. तोडणी झालेल्या फडाकडेने गाडी घातली की उसाचा तिरका बुडखा नाहीतर बाभळीचा काटा ठरलेला, आणि तो लागतो बहुधा मागच्या चाकाला, कारण भार सगळा तिकडे. पंक्चरवाला लांब. चाक काढून दुसऱ्याच्या गाडीवरून नेता आले तर अर्धा दिवस वाचतो.

येथे सांगतो ते १०० सीसीच्या आसपासच्या, चेनच्या आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीबद्दल. ट्यूबलेस टायर असेल तर पुष्कळदा चाक न काढताच काम होते.

गाडीवरचे दुधाचे कॅन आधी उतरवा. एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच थोडा सैल करा. स्टँडवर जोर लावला की गाडी कलंडते. मग डबल स्टँड. वस्तीवर ओली जमीन असेल तर स्टँडखाली फळी आणि पुढच्या चाकाला दगड. शेजारी एक परात ठेवून काढलेला प्रत्येक तुकडा निघाला त्याच क्रमाने त्यात मांडा. परातीसाठी घरात दोन शब्द ऐकावे लागतील, ते ऐकावे.

ब्रेकच्या रॉडचा नट हाताने फिरवून काढा, रॉड मोकळा करा आणि स्प्रिंग, पिन, नट लगेच रॉडवर परत अडकवून ठेवा. हेच तीन तुकडे मातीत हरवतात. त्यानंतर ब्रेकच्या झाकणाला चिमट्याशी जोडणारी लोखंडी पट्टी सोडवा. तिला काही मेस्त्री टॉर्क रॉड म्हणतात. तिच्या बोल्टला कॉटर पिन असते. आता एक्सलचा नट काढून एक्सल ओढायचा, चाक दुसऱ्या हाताने किंवा पायाने किंचित उचलून धरायचे. बाजूचा बुश पडेल, तो परातीत.

चेनच्या बाजूला दोन नट दिसले तर आतला मोठा नट स्प्रॉकेटचा असतो. त्याला हात लावू नये. अशा गाडीत चेन व स्प्रॉकेट जागेवर राहतात आणि चाक रबरांतून सुटून बाजूला येते. तशी सोय नसेल तर चेन ताणणाऱ्या पट्ट्यांवरच्या खुणा दोन्ही बाजूंनी पाहून ठेवा. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि लायनरला ग्रीस लागू देऊ नका.

बसवणे म्हणजे हेच सारे उलट्या क्रमाने. पण उलटे जातानाच माणूस चुकतो. गेल्या हंगामात आम्हीच चुकलो. ऊसनोंदीला निघायची घाई, टॉर्क रॉडचा बोल्ट बसवला, नट हाताने फिरवला आणि "पाना नंतर लावू" म्हणून तसेच निघालो. पिन परातीतच. दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी कालव्याच्या उतारावर ब्रेक दाबला आणि मागचे चाक एकदम जाम झाले. आम्ही गाडीसकट भरावावर. गुडघा फुटला, पाण्यात गेलो नाही एवढेच.

असे का झाले ते समजून घ्यावे. ब्रेक दाबला की आतले लायनर फिरत्या ड्रमला धरतात आणि ड्रम त्यांना झाकणासकट आपल्याबरोबर फिरवू पाहतो. झाकणाला रोखून धरते ती हीच पट्टी. ती सुटली की झाकण चाकाबरोबर फिरते, ब्रेकचा रॉड ताणला जातो, ब्रेक आपोआप आणखी आवळतो आणि वाकलेला रॉड चाकात अडकतो. एक्सलचा नट कितीही घट्ट असला तरी हे थांबत नाही. म्हणून पट्टीचा नट पान्यानेच आवळावा, कॉटर पिन नवी घालावी आणि तिची दोन्ही टोके फाकवावीत. जुनी पिन सरळ करून वापरली तर कधी मोडेल ते सांगता येत नाही.

मग चाक हाताने फिरवून पाहा. चेनचा झोल अशा बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. ब्रेकचे पायडलही साधारण तितकेच मोकळे चालावे, नंतर धरावे. पहिला ब्रेक अंगणातच, सावकाश, कोणाला मागे न बसवता दाबून बघा. डेअरीला जाऊन आलात की दोन्ही नटांना पुन्हा एकदा पाना लावा. कॉटर पिनांची पुडी हार्डवेअरच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळते, आमच्या डिकीत आता ती कायम असते.