पन्नास वर्षांनी उलटलेली असहायता

मानसशास्त्रावरच्या लेखात ‘लर्न्ड हेल्पलेसनेस’, म्हणजे शिकलेली असहायता, ही संज्ञा आली की मागोमाग साखळदंडाच्या हत्तीची गोष्ट येतेच. पिल्लू असताना साखळी तुटली नाही, म्हणून मोठेपणी तो ओढूनही बघत नाही. गोष्ट सोयीची आहे, पण तिने संज्ञेचा गाभा हाती लागत नाही. त्यासाठी १९६७ सालचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रयोगच पाहावा लागतो.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांचे तीन गट केले, प्रत्येकी आठ. पहिल्या गटातल्यांना पट्ट्यांनी अडकवून विजेचे झटके दिले; डोक्याशेजारची फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच आणि तेवढाच वेळ, पण फळी कितीही दाबा, उपयोग शून्य. तिसऱ्याला झटकेच नाहीत. (आज अशा प्रयोगाला कोण परवानगी देईल, कठीणच आहे.) दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मध्ये अडसर असलेल्या पेटीत सोडलं. अडसरावरून उडी मारली की सुटका. दुसऱ्या गटातल्या आठांपैकी सहा कुत्र्यांना ती जमली नाही. झटके सोसत ते तिथेच राहिले.

मेख आहे ती पहिल्या दोन गटांच्या तुलनेत. वेदना दोघांनाही सारखीच, पण ती थांबवणं एकाच्याच हातात होतं. हत्तीच्या गोष्टीत हा दुसरा हत्ती कधी नसतोच.

पुढे संज्ञा माणसांपर्यंत आली. १९७४ मध्ये डोनाल्ड हिरोटो यांनी झटक्यांऐवजी कर्कश आवाज वापरून विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. १९७५ च्या पुस्तकात सेलिगमन यांनी ती नैराश्याशी जोडली. पण सगळीच माणसं सारखी खचत नाहीत, मग १९७८ मध्ये दुरुस्ती झाली : अपयशाचं कारण माणूस स्वतःत शोधतो का, ते कायमचं मानतो का, सगळीकडे लागू करतो का, यावर बरंच ठरतं.

खरा धक्का २०१६ चा. मायर मधल्या काळात मेंदूविज्ञानाकडे वळले होते, उंदरांवर काम करत होते. त्या वर्षी त्यांनी आणि सेलिगमन यांनी मिळून एका लेखात लिहिलं की आपलं स्पष्टीकरण उलटं होतं. लांबलेल्या त्रासापुढे निपचित पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया. ती मेंदूच्या देठातल्या डॉर्सल राफे या केंद्रातून येते. शिकला जातो तो ताबा. आपल्या करण्याने काही बदलतं, हे कपाळामागच्या भागाला कळलं की तो त्या केंद्राला आवर घालतो. प्रयोगातल्या नोंदी तशाच राहिल्या, अर्थ मात्र फिरला. इतकं होऊनही नाव बदललं नाही. त्या दोघांच्या २०१६ च्या लेखाच्या शीर्षकातही तेच जुनं नाव होतं. मला हा हट्ट समजतो, पण नवख्या वाचकाची त्यात फसगत होते.

या नव्या अर्थाने १९६८ चा एक प्रयोग पुन्हा वाचण्याजोगा आहे. खचलेल्या कुत्र्यांना दोरीने ओढून अडसरापलीकडे न्यायचे, पुन्हा पुन्हा, ते आपणहून उडी मारेपर्यंत. असहायता पुसली गेली, असं तेव्हा मानलं गेलं. २०१६ च्या हिशेबाने त्या दोरीच्या टोकाला कुत्रे ताबा शिकत होते.