जॉर्जवर जीव टाकणारे

मुंबई महापालिकेचे सफाई कामगार, बेस्टचे ड्रायव्हर-कंडक्टर, गोदी कामगार, हॉटेलांतले वेटर आणि टॅक्सीवाले यांनी एका माणसावर जेवढा जीव टाकला, तेवढा या शहरात फार थोड्यांच्या वाट्याला आला. हा माणूस मराठी नव्हता. ३ जून १९३० रोजी मंगळूरच्या एका ख्रिस्ती घरात जन्मलेला, कोंकणी मातृभाषेचा, पाद्री होण्यासाठी धाडलेला आणि ते अर्ध्यावर सोडून पळालेला जॉर्ज फर्नांडिस. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बंदसम्राट’ म्हटलं. चाळीतल्या माणसासाठी तो नुसता जॉर्ज होता. साहेब नाही, भाई नाही, अण्णा नाही.

मी जॉर्जच्या चाहत्यांपैकी एक आहे. २९ जानेवारी २०१९ रोजी तो गेला, तेव्हा आलेले मृत्युलेख दोन तऱ्हांचे होते. काहींत १९७४ चा रेल्वे संप आणि बेड्या घातलेला उंचावलेला हात होता, पुढचं बहुतेक सगळं वगळलेलं. काहींत तहलका, गुजरात आणि भाजपची संगत होती, आधीचं सगळं चार ओळींत गुंडाळलेलं. दोन्ही वाचून मन भरलं नाही. ज्याने इतक्यांना उभं केलं आणि इतक्यांना दुखावलं, त्याच्यावर प्रेम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

बंगळूरच्या सेमिनरीत तो सोळाव्या वर्षी गेला. तिथले वरिष्ठ उंच टेबलांवर बसून चांगलं जेवतात आणि विद्यार्थ्यांना हलकं अन्न मिळतं, हे त्याला सहन झालं नाही. पुढे तो हे कारण अनेकदा सांगत असे आणि मला ते खरं वाटतं, कारण त्याचं सगळं राजकारणच कोण कुठल्या टेबलावर बसतो याभोवती फिरलं. १९४९ मध्ये तो मुंबईत आला. चौपाटीच्या बाकावर झोपला, वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो यांनी त्याला हाताशी धरलं. आज बंदरालगतच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, ते हे डिमेलो. ते १९५८ मध्ये अकाली गेले. राममनोहर लोहियांचा विचार आणि डिमेलोंची संघटना अशी दुहेरी पुंजी घेऊन जॉर्ज मुंबईच्या कामगारांत शिरला.

या काळातल्या जॉर्जचं खरं कर्तृत्व भाषणं नव्हे, पण आठवणींत भाषणंच उरतात. तो मराठी, हिंदी, कोंकणी, कन्नड, तुळू, इंग्रजी अशा कितीतरी भाषा सफाईने बोलायचा. कुडता चुरगळलेला, केस विस्कटलेले, आवाज खणखणीत. पण गेट मीटिंगला जमणारा कामगार काही त्याच्या कुडत्यावर भाळून येत नव्हता. मागण्यांचा मसुदा सभेत वाचला जायचा. संप झाला की करार व्हायचा, आणि करारात काय पडलं हे पुढच्या पगाराच्या पाकिटात दिसायचं. महागाई भत्ता वाढला की नाही, बदली कामगार कायम झाला की नाही, हे तपासायला पंडिताची गरज नव्हती. आकडा कमी आला तर पुढच्या सभेत चार जण उठून विचारायचे. टॅक्सीवाल्यांना बँका कर्ज देत नव्हत्या, म्हणून कामगारांची सहकारी बँक उभी राहिली. पुढे तीच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली. नेत्यावरचं हे प्रेम रोजच्या रोज तपासलं जाणारं होतं, म्हणून ते निकोप होतं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा एवढाच आहे.

१९६७ च्या निवडणुकीत दक्षिण मुंबईत काँग्रेसचे स. का. पाटील उभे होते. मुंबईचे तीनदा महापौर, केंद्रात रेल्वेमंत्री, शहराचे बिनमुकुटाचे राजे. संयुक्त महाराष्ट्राला त्यांनी केलेला विरोध मराठी माणूस विसरला नव्हता. समोर नगरसेवक जॉर्ज. पाटील हरू शकतात, आणि तुम्हीच त्यांना हरवू शकता, एवढं एकच वाक्य त्याने प्रचारात घराघरांत नेलं. पाटील हरले. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली होती आणि दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण तापत होतं. त्याच मुंबईत वर्षभराच्या आत मंगळूरहून आलेल्या माणसाला हजारो मराठी कामगारांनी खासदार केलं. मुंबईच्या राजकीय इतिहासातली ही मोठी गोष्ट आहे आणि ती हवी तितकी सांगितली जात नाही. १९७१ च्या इंदिरा लाटेत याच मतदारसंघाने त्याला पाडलं, हेही खरं.

१९७३ अखेर तो ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचा अध्यक्ष झाला. इंजिन चालवणाऱ्यांना बारा-बारा, कधी त्याहून जास्त तास सलग काम करावं लागे. आठ तासांची ड्यूटी, बोनस, सरकारी उद्योगांतल्या कामगारांएवढं वेतन या मागण्या होत्या. संपाआधीच, २ मे १९७४ ला, लखनौला जॉर्जला अटक झाली, तरी ८ मे रोजी संप सुरू झालाच. सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा हा लढा वीस दिवस चालला. हजारो तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वे वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढण्यात आलं. मधल्या काळात, १८ मे रोजी, पोखरणला अणुचाचणी झाली आणि वर्तमानपत्रांची पहिली पानं तिकडे वळली. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. त्या दिवशी हाती काहीच पडलं नव्हतं, आणि तरीही रेल्वे कामगार त्याच्यावर उलटला नाही.

मग आणीबाणी आली. २५ जून १९७५ च्या रात्री जॉर्ज ओडिशात गोपाळपूरला होता. तिथून निसटला आणि जवळजवळ वर्षभर भूमिगत राहिला. कधी शिखाच्या वेशात, कधी साधूच्या. सरकारी दडपशाहीला उत्तर म्हणून डायनामाइटने रेल्वेमार्ग आणि पूल उडवायचे, मात्र माणूस मरू द्यायचा नाही, असा बेत होता. तो बडोदा डायनामाइट खटला म्हणून गाजला. १० जून १९७६ ला कलकत्त्यात तो पकडला गेला.

जॉर्जचे चाहते इथे नेहमी बेडीच्या छायाचित्रापाशी थांबतात. मला मात्र इथे आणखी दोन माणसं दिसतात. त्याचा धाकटा भाऊ लॉरेन्स याला १ मे १९७६ रोजी बंगळूरच्या पोलिसांनी उचललं. जॉर्ज कुठे आहे ते सांग, म्हणून त्याला इतकं मारलं की तो आयुष्यभराचा जायबंदी झाला. आणि ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातली अभिनेत्री स्नेहलता रेड्डी. जॉर्जची मैत्रीण एवढाच तिचा अपराध. आरोपपत्रात तिचं नाव नव्हतं, तरी दम्याने बेजार असलेल्या तिला बंगळूरच्या तुरुंगात महिनोन्‌महिने ठेवलं. प्रकृती पार ढासळल्यावर सोडलं आणि २० जानेवारी १९७७ ला ती गेली. एखाद्या लोकविलक्षण नेत्याच्या जवळ असण्याची किंमत नेत्यालाच मोजावी लागते असं नाही. बऱ्याचदा ती भोवतालची माणसं मोजतात, आणि नंतर स्मारकं मात्र नेत्याची होतात. जॉर्जचं प्रत्येक चरित्र स्नेहलता रेड्डीच्या नावाशी थोडं थांबलं पाहिजे.

तुरुंगात असतानाच तो १९७७ ची निवडणूक बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून लढला. तिथे त्याचं घर नव्हतं, जात नव्हती. बेडीतल्या हाताचं चित्र गावोगाव फिरलं आणि तो तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आला. उद्योगमंत्री झाल्यावर परकी भांडवलाविषयीच्या कायद्यापुढे त्याने कोका-कोला आणि आयबीएमला सूट दिली नाही. दोन्ही कंपन्यांनी देश सोडला.

माझ्या मते मोडतोड सुरू झाली ती इथून. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारवरच्या अविश्वास ठरावाला उत्तर देताना जॉर्जने सरकारची अशी बाजू मांडली की विरोधकही थक्क झाले. काही दिवसांतच तो ते सरकार सोडून चरणसिंगांच्या गटात गेला. त्याला मधु लिमयांनी आग्रह केला होता. जनसंघाच्या मंडळींच्या दुहेरी, म्हणजे जनता पक्ष आणि संघ अशा दोन्हींच्या, सदस्यत्वाचा प्रश्न होता. कारण काहीही असो, मुझफ्फरपूरच्या मतदाराला ते कुणी नीट समजावून सांगितलं नाही. मुंबईत असतं, तर गेट मीटिंगला विचारणारे उभे राहिले असते. दिल्लीत जॉर्जला जाब विचारणारा कामगार उरला नव्हता. उरले ते कार्यकर्ते आणि भक्त.

मधल्या काळातलं एक काम मात्र कोकणातलं घर न्‌ घर जाणतं. १९८९ अखेर जॉर्ज रेल्वेमंत्री झाला, मधु दंडवते अर्थमंत्री. दंडवत्यांनी राजापूरचे खासदार म्हणून कोकण रेल्वेचा ध्यास घेतला होता. जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ झालं, ई. श्रीधरन यांच्या हाती दिलं गेलं, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ यांचं भांडवल आणि रोख्यांतून पैसा उभा राहिला. जानेवारी १९९८ मध्ये सगळा मार्ग खुला झाला: रोह्यापासून थेट जॉर्जच्या मंगळूरपर्यंत. अकरा महिन्यांच्या मंत्रिपदात एवढं उभं करणारे मंत्री आपल्याकडे किती झाले? गणपतीला चाकरमान्यांची गाडी चिपळूणला पोचते, तेव्हा या दोघांची आठवण ठेवायलाच हवी.

त्यानंतरची वर्षं लिहिताना हात जड होतो. १९९४ मध्ये नितीशकुमारांबरोबर समता पक्ष, मग भाजपशी युती, १९९८ पासून २००४ पर्यंत संरक्षणमंत्री. सियाचेनच्या जवानांना भेटायला तो वारंवार जायचा. बंगल्याचं फाटक त्याने काढून टाकलं होतं. तिबेटी आणि ब्रह्मी निर्वासितांना तिथे आसरा होता. हे सगळं खरं आहे. मार्च २००१ मध्ये संरक्षण खरेदीतल्या लाचखोरीबद्दलच्या तहलकाच्या चित्रफितींनंतर त्याने राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच खातं घेतलं. जवानांसाठीच्या शवपेट्यांच्या खरेदीच्या प्रकरणात सीबीआयच्या आरोपपत्रात त्याचं नाव नव्हतं. बराक क्षेपणास्त्रांच्या खरेदीची चौकशी २०१३ मध्ये पुराव्याअभावी बंद झाली. पैशाच्या बाबतीत मी त्याच्यावर बोट ठेवत नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जाळलं गेलं, तेव्हा केंद्राच्या तीन मंत्र्यांच्या पथकातून जॉर्ज तिथे गेला आणि ते आंतरराष्ट्रीय कारस्थान असल्याचं पथकाने सांगितलं. ३० एप्रिल २००२ रोजी गुजरातच्या दंगलींवरच्या चर्चेत तो लोकसभेत उभा राहिला आणि स्त्रियांवरचे असे अत्याचार या देशात पहिल्यांदाच घडत नाहीत, अशा आशयाचं बोलला. ज्याची मैत्रीण त्याच्यापायी तुरुंगात मरणाच्या दारात पोचली, तो माणूस हे बोलला.

चाहते यावर तीन-चार सबबी सांगतात. काँग्रेसविरोध ही त्याची आयुष्यभराची निष्ठा होती, म्हणून तो भाजपकडे गेला. पण १९७९ मध्ये त्याने ज्या चरणसिंगांना साथ दिली, त्यांना इंदिरा गांधींचाच बाहेरून पाठिंबा होता. मग ही निष्ठा अभंग कुठे राहिली? सोबतच्यांनी त्याला फसवलं, असंही म्हणतात. एवढा शहाणा, एवढा सोसलेला माणूस आयुष्याच्या प्रत्येक वळणावर दुसऱ्याकडून फसतो, असं म्हणणं त्याचाच अपमान आहे. पुढे अल्झायमरने त्याची स्मृती नेली, तोही आधार घेतात. पण ते २००२ नंतरचं आहे. त्या दिवशी सभागृहात जॉर्ज पूर्ण शुद्धीवर होता. आणि त्याच विचारांचे दंडवते अखेरपर्यंत भाजपच्या आघाडीबाहेर राहिले; म्हणजे दुसरी वाट होती.

२००९ मध्ये त्याच्याच पक्षाने त्याला मुझफ्फरपूरचं तिकीट नाकारलं. तो अपक्ष लढला आणि वाईट हरला. २०२० मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

मी जॉर्जवर प्रेम करणं थांबवलेलं नाही आणि थांबवणारही नाही. झाडूवाल्याच्या पगाराच्या पाकिटात त्याने जे टाकलं, ते कुठल्याही भाषणाने पुसलं जात नाही. पण ते पाकीट दाखवून भाषण लपवता येत नाही. आपल्या नेत्याचं सगळ्यात वाईट वाक्य विरोधकांनी शोधून आणण्याची वाट न पाहता चाहत्यांनीच पुढे ठेवलं पाहिजे, कारण जाब विचारण्याचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी त्यांचीच आहे. ३० एप्रिल २००२ चं भाषण लोकसभेच्या कामकाजाच्या नोंदीत आहे. जॉर्जला आपला म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं.