उद्यानदर्शन व पुष्पप्रदर्शने, मुंबईतील

उद्यानदर्शन व पुष्पप्रदर्शने, मुंबईतील : जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली लहान समूहाने एखाद्या उद्यानात वा वृक्षयुक्त परिसरात केलेली अभ्यासपूर्ण फेरी, म्हणजे उद्यानदर्शन. फुलझाडे, फळे, भाजीपाला व शोभेच्या वनस्पती एकत्र मांडून त्यांचे परीक्षण व गुणानुक्रम ठरविण्याकरिता भरविलेला मेळावा, म्हणजे पुष्पप्रदर्शन [⟶ उद्यानविज्ञान]. हौस व शिक्षण हे दोहोंचे समान हेतू असले, तरी त्यांची प्रकृती भिन्न आहे. प्रदर्शनात वनस्पती माणसाकडे येते व दोन-तीन दिवसांत नाहीशी होते. उद्यानदर्शनात माणसाला वनस्पतीकडे, तिच्या ऋतूप्रमाणे, पुन:पुन्हा जावे लागते. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात, विशेषत: परळ, लोअर परळ, लालबाग, भायखळा या एकेकाळच्या गिरणगावात, या दोन्ही उपक्रमांना मोकळ्या जागेच्या प्रश्नामुळे वेगळेच महत्त्व आले आहे.

इतिहास : उद्यानविद्येच्या संघटित मेळाव्यांचा प्रारंभ इंग्लंडमध्ये १८०४ साली लंडन येथे स्थापन झालेल्या संस्थेपासून मानतात. चेल्सी येथील तिचे प्रसिद्ध वार्षिक प्रदर्शन १९१३ पासून भरते. खाजगी बागा अल्प शुल्क घेऊन लोकांस खुल्या करण्याची प्रथा त्याच देशात १९२७ मध्ये परिचारिकांच्या साहाय्यनिधीकरिता सुरू झाली. भारतात विल्यम कॅरी याने १८२० मध्ये कलकत्ता येथे कृषी व उद्यानविषयक संस्था स्थापन केली. त्याच धर्तीवर १८३० च्या सुमारास मुंबईत ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली. या नावाची संस्था पुण्यातील एम्प्रेस गार्डनची व्यवस्था पाहते व तेथे दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरविते.

मुंबईतील संस्थेची बाग प्रथम शिवडीस होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी घेण्यात आली. भायखळा येथे नवी बाग उभारण्याचे काम त्यापूर्वीच हाती घेतले होते व १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. व्हिक्टोरिया राणीच्या नावावरून लोकांनी तिला ‘राणीची बाग’ म्हटले. स्वातंत्र्योत्तर काळात तिचे ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे नामकरण झाले, तरी जुने नाव बोलण्यातून गेले नाही. १८७३ मध्ये संस्थेकडून ही बाग नगरपालिकेकडे आली. १८९० मध्ये तिला प्राणिसंग्रहालयासाठी आणखी जागा जोडली गेली आणि येथूनच एका घोटाळ्यास आरंभ झाला. बाग वनस्पतींची असूनही लोकांच्या मनात ती वाघ-सिंहांची झाली. गिरणीकामगाराच्या घरी कोकणातून वा घाटावरून पाहुणा आला, की रविवारी त्याला राणीची बाग दाखविणे हा पाहुणचाराचाच भाग असे. पण त्या पाहुण्याने हत्ती पाहिला, उर्वशी पाहिली नाही.

बागेशेजारचे संग्रहालय (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) १८७२ मध्ये लोकांस खुले झाले. त्याच्या उभारणीस साहाय्य करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी हे प्रमुख होते. याच संग्रहालयात १५ सप्टेंबर १८८३ रोजी निसर्गाची आवड असलेले आठ गृहस्थ जमले व त्यांनी ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. आठांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते, डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्राचेही अभ्यासक होते. ब्लॅटर व मिलार्ड यांचा सुंदर भारतीय वृक्षांवरील ग्रंथ १९३७ मध्ये याच संस्थेने काढला. १९५७ मध्ये मुंबईत ‘फ्रेंड्स ऑफ द ट्रीज’ ही संस्था स्थापन झाली. मराठीत डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या वृक्षगान, फुलवा यांसारख्या पुस्तकांनी शहरी वाचकाला रस्त्यावरील झाडांकडे मान वर करून पाहावयास लावले.

ऋतुमान : मुंबईचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यानंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. हवा उष्ण व खारट असते आणि हिवाळा नावापुरताच येतो. पुष्पप्रदर्शनांची तिथी या हवामानानेच ठरविली आहे. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उष्म्यात रोपे जपत, हंगामी फुलझाडांचे बी पेरावे लागते. झेंडू, झिनिया, पिटुनिया, ॲस्टर यांचा बहर डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकतो. मार्चच्या उन्हात तो कोमेजतो. शेवंती लहान दिवसांत फुलणारी वनस्पती असल्यामुळे तिचाही बहर थंडीच्या तोंडावरच येतो. म्हणून मुंबईतील प्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी भरते. पुण्याच्या थंडीत जे गुलाब व ॲस्टर सहज साधतात, ते मुंबईत कष्टाने साधतात. यामुळे मुंबईच्या हौशी माळ्यांनी क्रोटन, नेचे, अँथुरियम, आमरे (ऑर्किडे) अशा दमट हवा मानवणाऱ्या वनस्पतींवर भर दिला. खाऱ्या वाऱ्याला टिकणारे भेंड व उंडी हे किनाऱ्याचे वृक्ष मात्र प्रदर्शनात सहसा दिसत नाहीत, ही उणीवच म्हणावी लागेल.

वृक्षांचा बहर याच्या उलट, कोरड्या ऋतूत चढत जातो. जानेवारी-फेब्रुवारीत पांगारा व काटेसावर, पाठोपाठ पळस, मार्च-एप्रिलमध्ये वर्षावृक्ष, एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण (महाराष्ट्राचे राज्यपुष्प), सोनमोहर व गुलमोहर असा क्रम लागतो; पावसात कदंब फुलतो. प्रदर्शन वर्षातून एकदा पुरते, पण उद्यानदर्शनास बारा महिने अपुरे पडतात, ते यामुळे.

प्रदर्शनांचे स्वरूप : बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणातर्फे राणीच्या बागेत भरणारे वार्षिक प्रदर्शन हे मध्य मुंबईतील या प्रकारचे प्रमुख प्रदर्शन होय. कुंडीतील फुलझाडे, शोभेच्या पानांची झाडे, फळभाज्या, औषधी वनस्पती, वामनवृक्ष (बोन्साय) व पुष्परचना असे विभाग त्यात असतात. फुलांनी सजविलेल्या मोठ्या आकृती हे सामान्य प्रेक्षकांचे आकर्षण असते. परीक्षक साधारणपणे झाडाचा बांधेसूदपणा, फुलांचा सारखेपणा व ताजेपणा, रोगकिडींचा अभाव आणि नावाची अचूकता पाहतात. स्पर्धेसाठी फुले आदल्या संध्याकाळी वा पहाटे कापून दांड्यांसह खोल पाण्यात ठेवतात. आकृत्यांभोवतीच्या गर्दीत नावाच्या चिठ्ठ्या वाचणारे थोडेच असतात; परंतु चाळीच्या गॅलरीत तेलाच्या जुन्या डब्यात तुळस, गवती चहा व मोगरा वाढविणाऱ्या गृहिणीला खत, कलम व कुंडीतील माती यांविषयी प्रत्यक्ष विचारता येईल अशी जागा शहरात दुसरी क्वचितच असते, आणि या दृष्टीने प्रदर्शनाचे मोल त्याच्या बक्षिसांहून अधिक आहे. फुलांचा व्यापारी मेळावा पाहावयाचा, तर दादर स्थानकालगतचा फूलबाजार पहाटे पाहावा. वसईकडील सोनचाफा व मोगरा, घाटावरील झेंडू व शेवंती आणि गणेश चतुर्थीच्या आधी आदिवासी स्त्रियांनी आणलेली पत्री तेथे एकत्र येते.

राणीच्या बागेतील वृक्ष : या बागेत तीन हजारांवर वृक्ष असून त्यांच्या सु. २८६ जाती नोंदविल्या गेल्या आहेत. उर्वशी (लॅ. ॲम्हर्स्टिया नोबिलिस) हा मूळचा म्यानमारचा वृक्ष. त्याचे लाल-पिवळे फुलोरे झुंबरासारखे लोंबतात. त्याला बी क्वचितच धरते, म्हणून गुटी बांधून रोप करावे लागते. कैलासपतीची (लॅ. कौरोपिटा गियानेन्सिस) फुले फांद्यांच्या टोकांस न येता थेट खोडावर येतात, पिंडीवर नागफणा धरल्यासारखी त्यांची रचना पाहून लोकांनी दक्षिण अमेरिकेतील या वृक्षाला शिवाचे नाव दिले. गोरखचिंच (लॅ. ॲडॅन्सोनिया डिजिटॅटा) आफ्रिकेतील असून फुगीर खोडात पाणी साठविते, कोरड्या ऋतूत निष्पर्ण होते आणि तिची रात्री उमलणारी फुले वटवाघळांमुळे फलित होतात. पानांचे द्रोण होणारा कृष्णवड व सीतेचा अशोक हेही येथे पाहावयास मिळतात. फेरीत मार्गदर्शक फूल तोडीत नाही, खाली पडलेले उचलून हातोहात फिरवितो. सालीचा स्पर्श, चुरगळलेल्या पानाचा वास व पानांची मांडणी यांवरून झाड ओळखावयास शिकवितात. पंचवीसपेक्षा मोठा समूह असल्यास मागच्यांना ऐकू येत नाही. सकाळी लवकर निघणे सोयीचे. बुधवारी बाग बंद असते.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्रचनेची योजना पुढे आली, तेव्हा बागेतील वृक्षांना धोका असल्याचे सांगत नागरिकांचा एक गट पुढे सरसावला. त्यांनी झाडांची नोंद केली, लोकांना फेऱ्यांतून ती दाखविली आणि ही बाग म्हणजे वनस्पतींचा वारसा आहे, हे अधिकाऱ्यांपुढे मांडले. मूळ योजनेत पुढे बदल झाले. तथापि प्राण्यांसाठी नवी बांधकामे होतच राहिली व मार्च २०१७ मध्ये पेंग्विनांचे दालन लोकांस खुले झाले. या पक्ष्यांसाठी वातानुकूलित दालन आणि दीडशे वर्षांची झाडे एकाच कुंपणात नांदत आहेत.

लोअर परळ : या भागात बाग अशी थोडीच होती, झाडे होती ती गिरण्यांच्या आवारांत व तळ्यांच्या काठी. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसभोवतीही मोठी बाग होती. १८९९ मध्ये तेथे प्लेगची प्रयोगशाळा आली व १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि भिंतींच्या फटींतून पिंपळ व उंबर वाढू लागले. १९९१ च्या विकास नियमावलीनुसार गिरणीच्या जमिनीपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी व उरलेली मालकासाठी अशी वाटणी ठरली होती. २००१ मधील दुरुस्तीने ती वाटणी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य मानली. बागांसाठी मिळू शकली असती ती जमीन त्यामुळे फार घटली, आणि जेथे मैदाने व्हावयाची तेथे कार्यालयांचे मनोरे व दुकानांची संकुले उभी राहिली. २०२४ मध्ये लगतच्या महालक्ष्मी रेसकोर्सपैकी सु. १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे देण्याचे ठरले.

अशा भागात उद्यानदर्शनाचा एक अनपेक्षित उपयोग दिसून येतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये झाड तोडण्यापूर्वी जाहीर सूचना देणे व ती झाडावरही लावणे आवश्यक असते. नागरिकांस ठराविक मुदतीत हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक वर्षे वयाच्या वृक्षांस वारसा वृक्षाचा दर्जा दिला. परंतु सूचनेतील जात, संख्या व वय खरे की खोटे हे सांगण्यास झाड ओळखता आले पाहिजे. राणीच्या बागेत किंवा धारावीनजीक कचराभूमीवर उभारून १९९४ मध्ये खुल्या केलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात फेऱ्या करून आलेला माणूस खिरणी व बकुळ यांतला भेद सांगू शकतो. ज्याने झाड फक्त सावलीपुरते पाहिले, त्याला हरकतीच्या अर्जात ‘एक मोठे झाड’ यापलीकडे काही लिहिता येत नाही.